पाणी तयार होईपर्यंत

“मासा आज मिळणार नाही,” पागेकाका म्हणाले. “टाकी न्या, खडक न्या, पंप न्या. मासा माझ्याकडेच राहील.”

मी त्यांच्या हॉलमध्ये गुडघे टेकून बसले होते. समोरची तीन फुटी काचेची टाकी निम्मी रिकामी झाली होती आणि मी तिच्यातले खडक एकेक करून बादलीतल्या खाऱ्या पाण्यात ठेवत होते. खडकांना समुद्राचा वास होता. नाशिकमध्ये, चौथ्या मजल्यावर, फेब्रुवारीतल्या कोरड्या सकाळी तो वास चुकून आल्यासारखा वाटत होता. मासा बाजूच्या निळ्या टबात फिरत होता. बोटाएवढा, नारिंगी, अंगावर तीन पांढरे पट्टे.

“पण तुम्ही कागदावर मासा धरून लिहिलं होतं,” मी म्हणाले.

“मासा धरूनच आहे. पण पाणी तयार झाल्यावर.”

“तयार म्हणजे? मीठ घालायचं ना?”

पागेकाकांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, वय सत्तरच्या पुढे. एप्रिलमध्ये ते कायमचे मुलाकडे बेंगळुरूला जाणार होते, म्हणून टाकी द्यायची होती. डेअरीच्या फळ्यावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात कागद लावला होता: ‘समुद्री माशाची टाकी, मासा धरून, सर्व जुन्या सामानासह देणे आहे. ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांनीच फोन करावा.’

वेळ माझ्याकडे होता. नऊ दिवसांपासून वेळाशिवाय दुसरं काही नव्हतंच.

“मिठानं पाणी खारट होतं,” ते म्हणाले. “तयार होत नाही. माशाच्या घाणीतून अमोनिया होतो, तो माशालाच मारतो. या खडकांत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, ते तो अमोनिया खातात. आज आपण खडक उचलले, हलवले, त्यातले निम्मे जीव मरणार. ते परत वाढले पाहिजेत. चार आठवडे लागतील, सहा लागतील. रोज पाणी तपासायचं. अमोनिया शून्य आला, सलग तीन दिवस शून्य राहिला, की मी मासा घेऊन येतो. अकरा वर्षांचा आहे तो. घाई करायची नाही.”

“बरं.”

“काय करता तुम्ही?”

“नर्स आहे. नवजात बाळांच्या आयसीयूत.”

“मग प्रश्नच मिटला. मोजायची आणि लिहून ठेवायची सवय असेल. मी निर्धास्त झालो, सिस्टर.”

माझ्या हातातल्या खडकाची कड तळव्यात रुतली. मी तो बादलीत ठेवला आणि हात पदराला पुसला.

टाकी घरी आली. हेमंतनं, माझ्या नवऱ्यानं, कंपनीतून अर्धी रजा काढली आणि त्याचा एक मित्र टेम्पो घेऊन आला. स्टँड लावून पाहिला तर टाकी डावीकडे कलत होती. त्याखाली प्लायवूडचा तुकडा घालून, तो काढून, दुसरा घालून आम्ही दुपार घालवली. वाळू मी धुतली. एकदा धुऊन चाललं असतं, मी अकरा वेळा धुतली. पिण्याच्या पाण्याचे जार मागवून त्यात मीठ कालवलं आणि खारटपणा मोजायच्या यंत्रात थेंब टाकून बघितला. कमी होता. मीठ घातलं. जास्त झाला. पाणी घातलं.

“बस ना जरा,” हेमंत म्हणाला.

“बसते.”

पण बसत नव्हते. त्या दिवसांत मला बसताच येत नव्हतं. सकाळी पावणेसहाला जाग यायची, अंघोळ करून मी पांढऱ्या साडीला इस्त्री करायची आणि मग ती परत कपाटात ठेवायची. मुलगी हॉस्टेलवर होती. घरात डबा भरायचा तो एकट्या हेमंतचा. तो गेला की मी एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत जायची. टाकी आल्यावर निदान एक जागा तरी मिळाली.

सामान सगळं जुनं होतं आणि प्रत्येकाची काही ना काही खोड होती. पाण्यातली घाण फेस करून वर काढणारं नळकांडं होतं, ते एका सांध्यातून गळायचं. लाटा करणारा पंप खडखड वाजायचा. हीटरवर सव्वीस लावलं की पाणी एकोणतीसला जायचं. मी घाबरून पागेकाकांना फोन केला.

“त्याच्यावरच्या आकड्यावर जाऊ नका,” ते म्हणाले. “तो तीननं खोटं बोलतो. थर्मामीटर बघा आणि त्याप्रमाणे लावा. आणि फोन संध्याकाळी सातला करत जा, आकडे घेऊन.”

मग तो नेमच झाला. सकाळी काचेच्या नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, त्यात दोन बाटल्यांतले थेंब टाकायचे, पाच मिनिटं थांबायचं. पिवळं राहिलं तर शून्य. हिरवं झालं तर अमोनिया, जितकं गर्द तितका जास्त. मी एका वहीत तारीख, वेळ, तापमान, मीठ, अमोनिया असे रकाने आखले. सातला काका विचारायचे, मी सांगायची.

“किती?”

“एक.”

“वाढणार. वाढू दे.”

दोन दिवसांनी दोन झालं. मग दोनच राहिलं. गर्द हिरवं. टाकीत नुसतं पाणी, वाळू आणि खडक. खडकांवर तपकिरी मळ चढायला लागला. मी तो ब्रशनं घासायला घेतला तेव्हा काका फोनवर म्हणाले, “हात घालू नका. काही करायचं नसतं तेव्हा काही न करणं हेच काम.”

मला ते जमत नव्हतं. मी दिवसातून एकदा तपासायचं ते चार वेळा तपासत होते.

अकराव्या दिवशी, गुरुवारी, मी घोडके सिस्टरना फोन केला. मंदाकिनी घोडके. आमच्या वॉर्डातल्या सगळ्यांत जुन्या. मी नवीन लागले तेव्हा दोन बोटांत मावणाऱ्या बाळाच्या हाताची शीर कशी शोधायची ते त्यांनी मला शिकवलं होतं. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. हॉस्पिटलनं आम्हा दोघींनाही चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं होतं.

“कशा आहात सिस्टर?”

“आहे बाई. तू?”

“बरी आहे.”

“जेवतेस ना नीट?”

“हो.”

“चौदा मार्चला आहे म्हणे समिती. तुला पत्र आलं?”

“आलं.”

“तुला काय भीती,” त्या म्हणाल्या. “तुझं सगळं लिहिलेलं आहे.” टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. मग त्या म्हणाल्या, “बाळ घरी गेलं म्हणे परवा. दूध पितंय. देवाची कृपा.”

फोन ठेवून मी टाकीचं पाणी तपासलं. दोन. त्या संध्याकाळी काकांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, “एक.”

का म्हणाले ते आजही मला नीट सांगता येणार नाही. तोंडातून आलं. काका खूश झाले. “उतरायला लागला. बघा, मी म्हटलं नव्हतं?” त्यांच्या आवाजातला तो आनंद ऐकून मला त्या दिवसांत पहिल्यांदा भूक लागली.

मग सोपं होत गेलं. दुसऱ्या दिवशी ‘एक’, त्यानंतर ‘अर्धा’. खरा आकडा दीडाच्या आसपास अडकला होता. वहीत मी खरं लिहीत होते, रकान्यात, पेनानं, वेळेसकट. तोंडानं दुसरं सांगत होते. पंधराव्या दिवशी मी म्हणाले, “शून्य.”

“इतक्या लवकर?”

“खडक जुने होते ना. तुम्हीच म्हणालात, ओले ठेवून नेले की कमी मरतात.”

“ते आहे,” काका म्हणाले. “तरी तीन दिवस बघू.”

तीन दिवस मी ‘शून्य’ म्हणाले.

हेमंतला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. तो एकदा टाकीसमोर उभा राहून म्हणाला, “उज्ज्वला, चूक तुझी नाहीये ना. मग इतकी घालमेल कशाला? चौदा तारखेला जायचं, कागद दाखवायचा, संपलं.”

“हो,” मी म्हणाले.

काका मासा घेऊन आले ती सकाळ मंगळवारची होती. रिक्षातून उतरताना दोन्ही हातांनी त्यांनी टब छातीशी धरला होता. टाकीभोवती एक फेरी मारली, पंपाचा आवाज ऐकला, खडकांची रचना बघून मान हलवली. खिशातून काचेची नळी काढली.

“एकदा बघू का तपासून?”

“मी आत्ताच केलं, काका.”

त्यांनी नळी परत खिशात ठेवली. “नर्सबाईंनी केलं म्हणजे झालं,” ते म्हणाले आणि हसले.

टाकीतलं पाणी बारीक नळीतून थेंब थेंब टबात सोडत त्यांनी तासभर मासा नव्या पाण्याला सरावू दिला. चहा घेतला. बेंगळुरूच्या घरात टाकीला जागा नाही, सूनबाईंना वास चालत नाही, असं सांगितलं. मग वाडग्यानं मासा टाकीत सोडला. तो खाली गेला, एका खडकामागे शिरला, बाहेर आला. तीन फुटांच्या त्या रिकाम्या पाण्यात एकदम कोणीतरी राहायला आलं. काका दारात उभे राहून बराच वेळ बघत होते. जाताना म्हणाले, “सातला फोन करा.”

ते साडेअकराला गेले. एक वाजता मासा खडकामागून निघून वरच्या कोपऱ्यात आला. दोन वाजता तो पाण्याच्या अगदी पृष्ठभागाला लागून, तोंड वर करून, एका जागी थरथरत होता. कल्ल्यांची झापडं उघडत होती, मिटत होती. मी घड्याळ काढलं आणि मोजलं. सवयच ती. मिनिटाला एकशे दहा. दहा मिनिटांनी एकशे तीस. मी खुर्ची ओढून टाकीसमोर बसले आणि मोजत राहिले आणि मोजता मोजता मला समोर मासा दिसेनासा झाला, बाळाची छाती दिसायला लागली.

तीन फेब्रुवारी. माझी सकाळची ड्यूटी संपायला पंधरा मिनिटं होती. पाचव्या पाळण्यातल्या बाळाचं रक्तदाबाचं औषध संपत आलं होतं. मी नवीन सिरिंज भरली, पंपावर चढवली आणि वेग घातला. तासाला दोन पॉइंट चार. तो पंप जुना होता, त्याचं पॉइंटचं बटण झिजलं होतं. जोरात दाबलं की ‘टिक’ वाजायचं, तरच पॉइंट पडायचा. वॉर्डातल्या सगळ्यांना हे माहीत होतं. मी दोन दाबलं, पॉइंट दाबलं, चार दाबलं, सुरू केलं. चार्टवर लिहिलं २.४. हात धुतले. घाई होती, एवढंच. घरी कोणी आजारी नव्हतं, कुठे जायचं नव्हतं. नुसती घरी जायची घाई.

‘टिक’ वाजलं नव्हतं. मला ते नळाखाली हात धरलेला असतानाच कळलं होतं. म्हणजे कळलं असं नाही, काहीतरी वाजायचं राहिलंय असं वाटलं होतं. मी मागे वळून बघितलं नाही.

दुपारच्या ड्यूटीला घोडके सिस्टर आल्या. अडीचला पंपाचा गजर झाला तो त्यांनी बंद केला, नळीची गाठ सोडवली. सव्वातीनला बाळाच्या ठोक्यांचा रंगढंग बघून त्यांना शंका आली आणि त्यांनीच आकडा वाचला, चोवीस. दहापट औषध चाललं होतं. त्यांनीच पंप बंद केला, त्यांनीच डॉक्टरांना हाक मारली. बाळ तीन दिवस व्हेंटिलेटरवर होतं. वाचलं ते त्यांच्यामुळे.

त्या संध्याकाळी मला बोलावून विचारलं गेलं. मी म्हणाले, “मी दोन पॉइंट चारच लावलं होतं. चार्टवर आहे बघा.” माझा आवाज हललासुद्धा नाही. त्या पंपात मागची नोंद राहायची सोय नव्हती. मग उरलं काय? माझ्यानंतर त्या पंपाची बटणं एकाच माणसानं दाबली होती.

माशाचे श्वास एकशे साठ झाले होते. मला ठाऊक होतं काय करायचं. आणि मी बसून होते. सातला फोन करायचा होता. सातपर्यंत तो मेला असता आणि मी म्हणाले असते, काका, अचानक गेला हो, प्रवासानं असेल. काकांनी विश्वास ठेवला असता. अकरा वर्षांचा मासा. म्हातारा होता, असं ते स्वतःच म्हणाले असते. ही सगळी वाक्यं माझ्या डोक्यात तयार होती, एकामागून एक, धुऊन इस्त्री केलेली. त्या वाक्यांची मला भीती वाटली.

तीनला दहा मिनिटं असताना मी फोन लावला.

“काका, पाण्यात अमोनिया आहे. शून्य नव्हताच. मी खोटं सांगितलं.”

मी पुन्हा टाकीकडे पाहिलं.

“मासा वर आलाय. श्वास एकशे साठ.”

“त्याला बाहेर काढा,” ते म्हणाले. “मी सकाळी आणलेलं टबातलं पाणी फेकलंत का?”

“नाही.”

“त्यात टाका. मी आलो.”

ते पंचवीस मिनिटांत आले, घरच्या चांगल्या खाऱ्या पाण्याचा झाकणाचा डबा आणि सेलवर चालणारा छोटा हवेचा पंप घेऊन. जमिनीवर बसून त्यांनी मासा डब्यात घेतला, हवेची नळी सोडली आणि तसेच बसून राहिले. त्यांच्या शर्टाची बटणं एकेक घर चुकून लागलेली होती. अर्ध्या तासानं माशानं तोंड खाली केलं.

“वही दाखवा,” ते म्हणाले.

मी दिली. त्यांनी एकेक पान उलटलं. त्यांचं बोट रकान्यावरून खाली खाली गेलं. दोन, दोन, दीड, दीड, दीड.

“हे सगळं बरोबर लिहिलंय तुम्ही.”

“हो.”

“आज सकाळचंही. नऊ वाजून दहा मिनिटं, दीड.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावलेले नव्हते, गोंधळलेले होते, आणि ते रागापेक्षा वाईट होतं. “म्हणजे मी आलो तेव्हा वही इथेच होती. मी मागितली असती तर दिली असतीत?”

“दिली असती.”

“मग का?”

“रिकामी टाकी बघवत नव्हती.”

“मग बघायची नाही,” ते म्हणाले. “तोंड फिरवून बसायचं. त्यात मासा कशाला टाकायचा?”

ते डबा घेऊन उठले. मी जिन्यापर्यंत गेले. दोन पायऱ्या उतरून ते थांबले, म्हणाले, “तो जगला तरी तुम्हाला देणार नाही. टाकी राहू दे तुमच्याकडे.” दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. मासा जगला होता, खायला लागला होता, ओळखीच्या एका दुकानदाराकडे ते त्याला ठेवणार होते. त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही.

पण मी थांबले नव्हते त्या फोनसाठी. काका गेले त्याच दुपारी मी चपला घालून निघाले आणि नाशिकरोडला घोडके सिस्टरांच्या घरी गेले. समितीच्या आधी त्यांना सांगायचं, एवढंच ठरवलं होतं.

त्या ओट्यापाशी चहा टाकत होत्या. मला बघून चेहरा उजळला. “ये ये. बस. वाळलीस ग.” मग आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाल्या, “स्मिता, जरा दूध बघून जा, नासलंय का.”

सून आली, पातेल्यात बघून म्हणाली, “चांगलं आहे आई.” आणि गेली. सिस्टरांनी कप भरले, गॅस बंद केला, परत वाकून बटणाकडे पाहिलं. “स्मिता, गॅस बंद झालाय का बघ ग एकदा.”

“झालाय, आई,” ती आतूनच म्हणाली.

“ये, बघ ना.”

ती आली, बघितलं, माझ्याकडे ओशाळून हसली आणि गेली. सिस्टर माझ्यासमोर बसल्या.

“हल्ली मी सगळं दुसऱ्याला बघायला लावते,” त्या म्हणाल्या. “काय सांगू तुला. बत्तीस वर्षं या हातांनी केलं. आता कुलूप लावलं तरी वाटतं लावलं का? नातवाला ताप आला, औषध मोजायला मी नाही म्हटलं.” त्यांनी दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले होते. “तो गजर बंद केला मी, त्या दिवशी. ते आठवतं. बोट कुठे पडलं ते आठवत नाही. रोज आठवून बघते.”

“सिस्टर, तुमचं बोट कुठेच पडलं नाही,” मी म्हणाले. “चोवीस मी लावलं. पॉइंट पडला नव्हता. मला त्याच वेळी कळलं होतं.”

आत सून भांडी लावत होती, तो आवाज थांबला.

चहाच्या कपावर साय धरेपर्यंत घोडके सिस्टर तशाच बसल्या होत्या. मग म्हणाल्या, “त्या गुरुवारी तू फोन केला होतास मला.”

“हो.”

“तब्येत विचारायला.”

“हो.”

“त्याच्या दुसऱ्या दिवशी मी लिहून दिलं. माझा हात लागला असावा, मी नाकारत नाही, म्हणून. मेट्रन म्हणाल्या, तसं दिलंत तर पेन्शनला धक्का लागू देणार नाही.” त्या सावकाश, एकेक शब्द बोलत होत्या. “आणि शनिवारी सिन्नरला गेले. त्या मुलीच्या घरी. बाळाच्या पायांना हात लावला मी, उज्ज्वला. त्या पोरीची माफी मागितली. ती बिचारी मलाच पाणी द्यायला धावली.”

मला बोलायचं होतं. काही शब्द तयार नव्हते.

“जा तू आता,” त्या म्हणाल्या.

मी उठले. दाराशी पोचले तेव्हा मागून त्यांनी विचारलं, “समितीसमोर बोलशील? का इथपर्यंतच?”

“बोलेन. उद्याच लिहून देते.”

“बाळाच्या घरचा पत्ता लिहून घे मग,” त्या म्हणाल्या. “आव्हाडांचं घर. शोधत बसशील नाहीतर.”

मी दुसऱ्या दिवशी लिहून दिलं. हेमंतला त्याच्या आदल्या संध्याकाळी सांगितलं. तो बाल्कनीत जाऊन उभा राहिला, आणि सकाळी मला हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत सोडायला आला. चौदा मार्चला समितीनं मला विचारलं की आधी का सांगितलं नाही. मी म्हणाले, नोकरी जाईल म्हणून. एवढंच खरं होतं, त्याला सजवण्यासारखं काही नव्हतं. नोकरी गेली. घोडके सिस्टर आठवड्याभरात कामावर रुजू झाल्या. वर्षभरानं मला दुसरीकडे काम मिळालं, म्हाताऱ्या माणसांच्या शुश्रूषेचं. ते मी अजून करते. या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. सिस्टर निवृत्त झाल्या तेव्हा निरोपसमारंभाला मला बोलावणं नव्हतं. ते योग्यच होतं.

पण सिन्नरला मी त्या मार्चमध्येच गेले. रविवार होता. एसटी स्टँडवरून चालत, विचारत गेले. पत्र्याच्या शेडला लागून दोन खोल्यांचं घर होतं. दारात पंचविशीची एक मुलगी उभी होती, खांद्यावर बाळ घेऊन, त्याची पाठ थोपटत. प्रतीक्षा आव्हाड. तिनं मला ओळखलं नाही. वॉर्डात आम्ही सगळ्या मास्क लावून असायचो.

मी दारातच सांगितलं. कोण, काय केलं, काय खोटं बोलले. बाळ मध्येच ढेकर देऊन गप्प झालं.

“त्या दुसऱ्या सिस्टर येऊन गेल्या,” ती म्हणाली. “वयस्कर. त्या म्हणाल्या माझ्याकडून झालं.”

“त्यांच्याकडून नाही झालं. त्यांनी वाचवलं. त्यांना तसं वाटावं अशी वेळ मी आणली.”

“मग खरी कोण तुमच्यातली?”

“मी.”

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला ओळखता आलं नाही. तिनं मला आत बोलावलं नाही, जा असंही म्हणाली नाही. आत वळली. भिंतीवर एक कॅलेंडर टांगलेलं होतं, बाळाच्या डोसांच्या तारखांना गोल केलेलं, आणि खालच्या कोऱ्या जागेत पेनानं एक नाव लिहिलेलं. मला ते दारातून वाचता येत होतं. मंदाकिनी घोडके.

बाळाला एका हातावर सावरत तिनं दोऱ्याला बांधलेलं पेन घेतलं आणि त्या नावावर एक रेघ मारली. मग आणखी एक, सरळ, नीट.

“तुमचं पूर्ण नाव सांगा,” ती म्हणाली.

“उज्ज्वला हेमंत तुपे.”

“सावकाश,” ती म्हणाली. “लिहिते मी.”